जुनी मॅटॅडोर मोरपिशी करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळच्या अलीकडे एका मळ्यात १९८६ ची बजाज टेम्पो मॅटॅडोर व्हॅन उभी आहे. आधी ती एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स होती, मग दुधाचे कॅन वाहायची, आता तिच्यात कोंबड्या बसतात. विचारणारे सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतात. ही गाडी घेऊन तिची फिरती घरगाडी करायची, आत झोपायला पलंग आणि छोटा ओटा करायचा, असा बेत आहे. घरात सगळ्यांचे एकमत फक्त रंगावर झाले आहे: खाली मोरपिशी, वर पांढरा, जुन्या फोक्सवॅगन बससारखा. कोणता पेंट मारावा, रंगाला खर्च किती येईल आणि आरटीओ अडवेल का, हे त्यांचे तीन प्रश्न.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. जीप, फियाट, मॅटॅडोर अशा जुन्या गाड्याच जास्त. रंगापासून सुरुवात करणाऱ्या गिऱ्हाइकाची गॅरेजात चेष्टा होते, पण मला ती पटत नाही. सिलिंडर हेडवर कुणाचा जीव जडत नाही, रंगावर जडतो. अर्धवट उघडलेल्या गाड्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यातल्या बऱ्याच मालकांना ती गाडी शेवटी कशी दिसणार हेच डोळ्यांपुढे आलेले नसते. तुमच्या डोळ्यांपुढे आलेय, चांगली गोष्ट आहे. फक्त त्या रंगाची खरी किंमत समजून घ्या. ती पेंटच्या डब्यावर लिहिलेली नसते.

तुमची गाडी मूळची पांढरी. पांढऱ्यावर पुन्हा पांढरा मारायचा असता तर काचा न काढता, रबराच्या कडेने टेप लावून काम भागले असते, कुठे कसर राहिली तरी दिसली नसती. मोरपिशी मारायचा म्हटले की दार उघडल्यावर चौकटीत पांढरे दिसणार, काचेचे रबर जरा सरकले की पांढरी रेघ दिसणार, मागचे दार उचलले की बिजागरीपाशी दिसणार. म्हणजे दारे उतरवायची, काचा काढायच्या, रबरे, दिवे, बंपर, कुलपे, आतली पॅनेल सगळे बाहेर. रंग बदलायचा हा निर्णय म्हणजे गाडी पूर्ण उकलायचा निर्णय. हे कळले की खर्चाचे गणित आपोआप सुटते: पेंटचे पैसे एकूण बिलात कमीच असतात, मोठा आकडा उकलणे, घासणे, पत्रा आणि पुन्हा जोडणे यांच्या मजुरीचा. "मालक, दोन हात मारून देतो, गाडी चकाचक," असे सांगणारा पेंटर तुम्हाला भेटेलच. तो खोटे बोलत नाही, चकाचक होतेही. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत.

उकलण्यात एक फायदा लपलेला आहे. गंज नेमका तिथेच असतो जिथे तुम्ही रंग पोहोचवण्यासाठी हात घालणार आहात. मॅटॅडोरचे छप्पर जिथे बाजूच्या पत्र्याला मिळते तिथली पन्हाळी, पुढच्या काचेच्या रबराचा खालचा भाग, चाकांच्या कमानीची आतली बाजू, पायरी, बॅटरीखालचा पत्रा. रंग न बदलता "ताजा" केलेल्या गाडीत हे सगळे तसेच झाकून राहते.

सोलापूरच्या गाड्या पत्र्याला बऱ्या असतात, हे आपले नशीब. रत्नागिरीकडून आलेली त्याच वर्षाची गाडी आणि आपल्याकडची गाडी शेजारी उभ्या केल्या तर दहा वर्षांचा फरक वाटतो. कोरडी हवा, पाऊस कमी, समुद्राचा खारटपणा नाही. पण तुमच्या गाडीची जन्मकुंडली बघा: ॲम्ब्युलन्स असताना फरशी रोज पाण्याने धुतली गेली असणार, दुधाच्या काळात कॅन सांडले असणार आणि आता वर्षानुवर्षे कोंबड्यांची विष्ठा. तिन्ही गोष्टींनी एकाच जागेचे वाटोळे केलेय, ते म्हणजे मागची फरशी आणि तिच्या खालचे आडवे चॅनेल. बाजूचा पत्रा बघून खूश होऊ नका. मॅट उचला, गाडीखाली झोपा, चॅनेलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजले तर पत्रा आहे. भदभद वाजले तर फक्त रंग आणि गंज आहे, मध्ये काही नाही.

बाजूला चुंबक फिरवा, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. जिथे चुंबक धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत लांबी चालते. त्यापेक्षा जाड थर गाडीच्या हादऱ्याने आणि उन्हाने तडकतो, मग तडक्यातून पाणी आत जाते. चुंबक सगळीकडे घट्ट धरत असेल आणि फक्त फरशी गेलेली असेल तर गाडी जरूर घ्या, फरशी नवीन करता येते. पन्हाळी आणि काचेच्या चौकटी कुजल्या असतील तर दुसरी शोधा, महाराष्ट्रात मॅटॅडोरचा तोटा नाही. परदेशातून खरी फोक्सवॅगन आणण्याचा विचार प्रश्नात शेवटी आला आहे. वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि कागदपत्रे यांत घरासाठी साठवलेले पैसे जातील, म्हणून तो मी बाजूलाच ठेवतो.

तरी फोक्सवॅगनकडून शिकण्यासारखे आहे. बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने १९४७ मध्ये वहीत एका खोक्यासारख्या गाडीचे रेखाटन केले, १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ती बनायला लागली आणि १९५६ पासून हॅनोवरला. वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून तिच्यात पलंग-कपाटाचे सामान बसवून दिले. दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेची गाडी जर्मनीत १९६७ पर्यंत, मग एकसंध बाकदार काचेची. ब्राझीलमध्ये तर ती २०१३ पर्यंत बनत राहिली. रंगाच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट फार विचाराने केली: दोन रंगांच्या मधली रेघ कधी हवेत काढली नाही. जुन्या गाडीच्या नाकावर दिसणारा इंग्रजी व्ही पत्र्यातच दाबलेला असतो, आणि बाजूची रेघ खिडकीखालच्या उठावावरून जाते. रंग पत्र्याच्या घडीवर बदलतो, म्हणून ती गाडी डोळ्याला नीट वाटते. साठीच्या दशकातला त्यांचा तो प्रसिद्ध हिरवट-निळा रंग एल ३८०, ट्युर्किस, आणि त्याच्या जोडीचा पांढरा एल २८९, ब्लाउवाइस, म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा. चुन्यासारखा शुभ्र नाही. शुभ्र पांढरा मोरपिशीशेजारी डोळ्यांत टोचतो. तुम्हीही किंचित निळसर किंवा किंचित दुधाळ पांढरा घ्या.

मॅटॅडोरच्या नाकावर टेप लावून तो व्ही काढू नका, ही माझी हात जोडून विनंती. मॅटॅडोरच्या पत्र्यात तो नाही, आणि तिला दुसऱ्या कुणाचा चेहरा लावायची गरजही नाही. तिचे घराणे हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचे. गंमत म्हणजे जर्मनीतली पहिली मॅटॅडोर १९४९ मध्ये आली ती फोक्सवॅगनचेच इंजिन घेऊन. पुढे फोक्सवॅगनची स्वतःची बस बाजारात आली आणि इंजिने मिळायची बंद झाली. आपल्याकडे एन. के. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. दोन्ही गाड्या एकाच काळातल्या, एकाच बाजारात भांडलेल्या. तेव्हा मॅटॅडोरला तिच्या स्वतःच्या रेघेवर रंगवा. खिडक्यांच्या खालून आडवा उठाव जातो, त्यावर रंग बदला, आणि पन्हाळीच्या वरचे सगळे पांढरे. खिडक्यांमधल्या खांबांचे काय करायचे ते घरात ठरवा. मला ते पांढरे आवडतात, गाडी हलकी दिसते.

मॅटॅडोरचा आणखी एक गुण घरगाडीला फार उपयोगी. तिची पुढची चाके ओढतात. मागे इंजिन नाही, मधून जाणारा शाफ्ट नाही. म्हणून मागची फरशी खाली आणि सपाट, माणूस कमी वाकून उभा राहतो. फोक्सवॅगनला मागे इंजिनाचा ओटा असतो, तो तुम्हाला नाही. बदल्यात इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी, आणि त्याची ऊब सोलापूरच्या मे महिन्यात काय करते हे जुन्या ड्रायव्हरांना विचारा. इंजिनाविषयी एवढेच पाहा की आत कोणते आहे. कंपनीने पुढे मर्सिडीजच्या ओएम ६१६ डिझेलचा परवाना घेतला होता, ते असेल तर निश्चिंत राहा. त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीतही तेच होते, त्यामुळे सामान आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. त्याआधीचे इंजिन असेल तर पार्ट शोधण्यात तुमचे रविवार जातील.

आता पेंट. जुन्या रंगावर थिनरमध्ये भिजवलेले फडके मिनिटभर घासा. फडक्याला रंग लागला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, पेंट आहे. तो फक्त थिनर उडून वाळलेला असतो, पुन्हा थिनर लागले की पुन्हा विरघळतो. त्याच्यावर सरळ पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारला तर खालचा रंग उठतो आणि वर सुरकुत्या येतात. तुमच्या गाडीवर ॲम्ब्युलन्सचा, दूधवाल्याचा आणि मधल्या कुणाचा असे तीन-चार थर तरी असतील. सगळे उतरवून पत्र्यावर या. बाजूच्या मोठ्या सपाट पत्र्यांवर पेंट रिमूव्हर वापरा, सँडब्लास्टिंग नको. वाळूच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणतो, मग हात लावला की पक-पक आत-बाहेर होतो. तो पुन्हा कधी पूर्ण सरळ होत नाही. ब्लास्टिंग करायचे ते चाकांच्या रिमांना आणि खालच्या चॅनेलना. वेल्डिंगचेही तसेच. फरशीला आणि कडांना वीस गेजचा पत्रा जोडताना सीओटू वेल्डिंगने छोटे-छोटे टाके घ्या, थंड होऊ द्या, मग पुढचा. गॅस वेल्डिंगने मोठा पत्रा वाकडा होतो आणि ते वाकडेपण लांबीने झाकावे लागते.

जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळातल्या पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत शिसे असायचे. पाणी लावून घासा, चिखल गोळा करून टाका, आणि लहान मुलांना गॅरेजात आणू नका. तितकीच गंभीर गोष्ट पीयूत मिसळायच्या, रंग कडक करणाऱ्या हार्डनरची. त्यात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून स्प्रे गन चालवणारे पेंटर मी किती पाहिले आणि त्यातले काही आज जिना चढताना थांबतात. पेंटर बाहेरच्या हवेच्या पाइपवाला मास्क वापरत नसेल तर त्या मास्कचे पैसे तुम्ही द्या. भाव कमी करून घेण्यापेक्षा हे जास्त मोलाचे आहे.

पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. त्याच्या वर लांबी, मग सरफेसर, म्हणजे रंगाआधी घासून गुळगुळीत करायचा थर. काही जण पत्र्यावर ॲसिड प्रायमर मारून त्याच्यावर लांबी भरतात, ती पुढे सुटते. सरफेसर वाळला की त्यावर काळ्या रंगाचा हलका धुरळा मारून मग पाण्याचा सँडपेपर घासावा. जिथे काळे राहते तिथे खड्डा, जिथे आधी पत्रा दिसतो तिथे उंचवटा. मॅटॅडोरच्या लांबलचक बाजूला हे काम लांब फळीवर पेपर लावूनच करायचे. बोटांनी घासलेला पत्रा उन्हात लाटा मारतो, आणि मोरपिशीसारख्या गडद, चकचकीत रंगात त्या लाटा फारच उठून दिसतात. पांढरा रंग पेंटरचे पाप पोटात घालतो, गडद रंग चव्हाट्यावर मांडतो.

आणि पाणी. सोलापुरात बोअरचे पाणी जड, क्षार भरपूर. पेपर घासायला ते चालेल, पण शेवटची धुणी त्याने करू नका. पत्र्यावर वाळलेले क्षार रंगाखाली राहतात, पुढे ओल ओढतात आणि वर्ष-दीड वर्षात बारीक फोड येतात. लोक म्हणतात पेंट खराब होता. पेंट बिचारा चांगला असतो. आरओच्या पाण्याचे दोन जार आणा, शेवटी त्याने धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, कोरडे करा, मग गन उचला.

वेळ साधा. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोन्याचा. मार्चपासून वारा सुटतो, धूळ उडते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार गेला की रंग पत्र्यावर पोहोचण्याआधीच हवेत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. त्या दिवसांत मारायचाच असेल तर सावकाश उडणारे थिनर घ्या, पहाटे काम करा, जमीन पाण्याने ओली ठेवा. पावसाळ्यात एनसी पेंटवर पांढरट धुके येते, पीयूच्या हार्डनरलाही ओल चालत नाही. म्हणून पत्र्याचे काम पावसाळ्यात उरका आणि रंगाची तारीख दिवाळीनंतरची घ्या. चांगल्या पेंटरकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी गर्दी असते, आधी सांगून ठेवा.

मोरपिशी ही निवड आपल्या उन्हाला अनुकूल आहे. या रंगाचा जीव थॅलोसायनिन नावाच्या निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांत असतो आणि ती उन्हाला फार टिकतात. स्वस्त लाल रंग इथे दोन-तीन उन्हाळ्यांत फिकट गुलाबी होतो, त्या मानाने तुमचा रंग निश्चिंत. एकच अट: साधा सॉलिड घ्या, मेटॅलिक नको. मेटॅलिकवर ओरखडा आला तर पूर्ण पॅनेल रंगवावे लागते, कारण त्यातले चमचमते कण प्रत्येक वेळी वेगळे बसतात. घरगाडी काट्याकुट्यांत जाणार, हुरड्याला शेतात उभी राहणार. ओरखडे येणारच. आणि १९८६ च्या गाडीला चमचम शोभतही नाही.

छटा दुकानातल्या शेड कार्डवर ठरवू नका. नखाएवढ्या तुकड्यावरची छटा आणि एवढ्या मोठ्या बाजूवरची छटा वेगळी वाटते, मोठ्या पत्र्यावर रंग अधिक उजळ आणि अधिक भडक दिसतो. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. भंगारातून एखादे जुने दार आणा, त्यावर तीन छटा मारून घ्या, दुपारी बाराला बघा, संध्याकाळी बघा, रस्त्यावरच्या दिव्याखाली बघा. मग जी वाटते त्याहून एक पायरी मंद घ्या. ठरलेल्या छटेचे सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळून मगच काम सुरू करा. दोन डब्यांतला फरक डब्यात दिसत नाही, दार आणि त्याच्या शेजारचा पत्रा यांच्या सांध्यावर दिसतो.

छप्पर पांढरे ठेवण्यात दिसण्यापेक्षा थंडाव्याचा भाग मोठा. एप्रिल-मेमध्ये गडद छपराखाली रात्री दहापर्यंत झोपता येत नाही. छपराच्या आतून बंद पेशींची फोम शीट चिकटवा. ग्लासवूल घालू नका, ते ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. पॅनेल बंद करण्याआधी पोकळ्यांमध्ये गंजरोधक मेण फवारा, नंतर तिथे हात जाणार नाही. आतल्या कापडासाठी मी काही वेगळे सांगायची गरज नाही, आपल्या गावात चादर-टॉवेलच बनतात. पलंगावर चादर, खिडक्यांना जाड सुती पडदे. रेग्झीन उन्हात अंगाला चिकटते. गॅसची शेगडी ठेवणार असाल तर सिलिंडरची जागा बाहेरून उघडणारी आणि तळाला जाळी असलेली करा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो.

पूर्ण रंगवलेल्या गाड्यांत एक गोष्ट हमखास घडते. सगळे जोडून झाले की दिवे मंद लागतात, हॉर्न कुजबुजतो, आणि इलेक्ट्रिशियन नवे वायरिंग सुचवतो. बहुतेक वेळा अर्थिंगच्या बोल्टखाली नवा रंग बसलेला असतो. त्या जागा खरवडून चकचकीत पत्रा करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

आरटीओकडे या. रंग बदलता येतो, पण तो आरसीवर नोंदवावा लागतो. दोन रंग असतील तर दोन्ही. एक रंग मात्र कोणालाच मिळत नाही: ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ क्रमांकाच्या नियमाने तो संरक्षण खात्यासाठी राखीव आहे. मोरपिशीत हिरवा वाढवत मळकट करायची कुणाला हौस आली तर तिथे थांबा. रंगापेक्षा मोठा प्रश्न गाडीच्या वर्गाचा. ॲम्ब्युलन्स, मग माल वाहतूक, आज आरसीवर नेमके काय आहे ते बघा. माल वाहतुकीची गाडी खाजगी करून घ्यायला, आणि आतली रचना बदलायला, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी लागते. काम झाल्यावर नाही. खाजगी गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदवावी लागते. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनाला २०२५ च्या ऑगस्टपासून त्याची फी दहा हजार रुपये झाली आहे, हरित कर वेगळा. जुने आरसी पुस्तक ऑनलाइन चढलेले नसेल तर आधी तीही नोंद करून घ्यावी लागते.

व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर मिळेल का, असे पुष्कळ जण विचारतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे व्हायला हवीत, म्हणजे तुमच्या गाडीला २०३६ उजाडेल. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, आणि असा नंबर मिळालेली गाडी रोजच्या फिरण्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यालाच. नळदुर्गला मुक्कामी जायचे असेल तर तो नंबर तुमच्या कामाचा नाही.

चासी नंबर जिथे कोरलेला आहे तिथे ग्राइंडर फिरू देऊ नका. पेन्सिलने ठसा घ्या, फोटो काढा, मग टेप लावा, आणि रंग मारायचा तो अगदी पातळ. नंबर वाचता आला नाही तर बाकीचे सगळे काम निरर्थक.

पैसे टप्प्याने द्या. उकलून पत्रा दिसल्यावर एक हप्ता, वेल्डिंग आणि एपॉक्सी झाल्यावर दुसरा, सरफेसर घासून झाल्यावर तिसरा, जोडणी संपल्यावर शेवटचा. प्रत्येक टप्प्याला स्वतः जाऊन फोटो काढा. लांबीखाली काय होते हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. सामान स्वतः आणलेत तर उत्तम, पण प्रायमर, सरफेसर, रंग आणि हार्डनर एकाच कंपनीचे आणा. काम चांगले चालले असेल तर मध्ये घासाघीस करू नका. घासायचे काम कंटाळवाणे असते, आणि दुखावलेला कारागीर पहिली काटछाट तिथेच करतो.

रंग झाल्यावर अर्धा लिटर शिल्लक ठेवा, डब्यावर तारीख आणि मिक्सिंगच्या फॉर्म्युल्याची चिठ्ठी चिकटवा, दुसरी प्रत आरसीच्या पाकिटात. हार्डनर मात्र उघडला की टिकत नाही, तो लागेल तेव्हा ताजा घ्या. पहिला महिनाभर पॉलिश नको, प्लॅस्टिकचे कव्हर तर अजिबात नको. आतले थिनर अजून बाहेर पडत असते, त्याला वाट हवी. साध्या पाण्याने धुवा, सावलीत पुसा. आणि कडुलिंबाखाली लावायचा मोह आवरा. सावली छान असते, पण पक्ष्यांची विष्ठा नव्या रंगावर दुपारभर राहिली तर डाग कायमचा बसतो.